बसण्याचा विषय

१७ जानेवारी २०२५

सकाळी कणीक मळत होते, तर सृष्टीनं मोबाईल थेट नाकासमोर धरला. "मम्मी, हे तुझ्यासाठीच आहे." दिल्लीच्या एका संस्थेची जाहिरात. सामाजिक शास्त्रांतल्या नवोदित संशोधकांसाठी पुरस्कार. पुरस्कार म्हणजे दोन वर्षं मनासारखं संशोधन करायला निधी, आणि मान तो वेगळाच.

मी हसले. शेहेचाळीस वर्षांची बाई कसली नवोदित? माझी लेक बी.ए.ला आहे!

"नीट वाच की. वय विचारलेलंच नाही. पीएचडी होऊन पाच वर्षांच्या आत पाहिजे."

माझी होऊन दोन झाली. लग्न, सृष्टी, सासऱ्यांचं आजारपण आणि कॉलेजात तासिका तत्त्वावरची नोकरी, या सगळ्यातून ती कशी झाली ते माझं मला माहीत. समाजशास्त्राचे तास घेते, पण दर जूनमध्ये "मॅडम, यंदा तास आहेत का बघून सांगतो" हे वाक्य ऐकावंच लागतं.

सृष्टीचे पप्पा, इंद्रजीत, चिंचोळीच्या कारखान्यात पहिल्या पाळीला निघाले होते. बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाले, "भर की. काय जातंय?"

आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, विचारलं, "बक्षीस हाय का?" म्हटलं, तसंच समजा.

विषय मात्र डोक्यात आहे. मागच्या शनिवारी इथं सोलापुरात, नवी पेठेत चुलतबहिणीच्या लग्नाच्या साड्या बघत होतो. दाखवणारी मुलगी घडी मोडता मोडता एकदम खालीच गेली. चक्कर. मालक म्हणाले, "सकाळी खाऊन येत न्हाईत या पोरी." तिला बसवायला म्हणून इकडंतिकडं बघितलं, तर गिऱ्हाइकांसाठी गादी, खुर्च्या सगळं होतं. काउंटरच्या आतल्या बाजूला बूड टेकायला काही नव्हतं. सकाळी दुकान उघडल्यापासून दिवे लागेपर्यंत त्या मुली उभ्या असतात. का? कायद्यात काय आहे? आणि बसायला दिलं तर बसतील का?

हाच विषय. दुकानांतल्या बायांचं उभं राहणं.

२० जानेवारी

त्याच दुकानात गेले. मालक गुरुसिद्धप्पा, कपाळाला विभूती, बोलणं गोड.

"या अक्का. काय दाखवू? इरकल दाखवू?"

"मला घ्यायचं काही नाही. तुमच्याकडच्या मुलींशी बोलायचंय. अभ्यास करतेय मी."

"कसला अभ्यास?"

"दिवसभर उभं राहण्याचा."

त्यांनी जरा विचार केला. "त्यात अभ्यास काय करायचा? मी बी उभाच असतो की."

हे ते गादीवर लोडाला टेकून म्हणाले.

मुलींकडं बघितलं. सगळ्यांच्या माना एकदम साड्यांच्या घड्यांत. दुसऱ्या दुकानातही तेच. तिसऱ्यात तर "बाई, टायमपास करू नका" असं तोंडावर ऐकलं.

२३ जानेवारी

दुकानं बंद व्हायच्या वेळी रिक्षा स्टॉपवर थांबले. माहितीपत्रकं वाटली: मी कोण, कशासाठी विचारतेय, नाव कुठंही येणार नाही, वगैरे. मुली घेतात, पर्समध्ये टाकतात आणि रिक्षात बसतात. एकही बोलली नाही. अर्जात आधी केलेल्या प्राथमिक पाहणीबद्दल लिहावं लागतं. मी काय लिहू? "पाहणी केली, कुणी माझ्याकडे पाहिलं नाही"?

जेवताना सगळं सांगितलं. इंद्रजीत म्हणाले, नोकरीची भीती असणार. आत्यांनी भाकरी मोडता मोडता विचारलं, "कंच्या दुकानात गेलतीस?" मी नाव सांगितलं. "आनि कुटं?" तीही नावं सांगितली. त्यांना काय करायचंय कोण जाणे. म्हाताऱ्या माणसाला तपशील लागतो.

२७ जानेवारी

आत्या आज गुडघ्याला पट्टा बांधून एकट्याच शेअर रिक्षानं नवी पेठेत गेल्या. दुपारी परत आल्या त्या एक रुमाल घेऊन. एक! तोही पुरुषी. म्हटलं, "मला सांगायचं, मी आणला असता की."

"तुला काय कळतंय रुमालातलं," म्हणाल्या.

३० जानेवारी

आत्या रुमाल बदलायला गेल्या. रंग पसंत नाही म्हणे. बदलून आणला तर आणला, वर एक ब्लाउजपीस. इकडं अर्जाची तारीख जवळ येतेय, माझ्याकडं एकही मुलाखत नाही, आणि घरात यांना खरेदीचा नाद लागलाय. चिडचिड झाली. कुकर जोरात आपटला.

१ फेब्रुवारी

ब्लाउजपीससुद्धा बदलायला गेल्या.

४ फेब्रुवारी

आज अजबच झालं. अनोळखी नंबर. "मॅडम, मी पिंकी बोलतेय, साडीच्या दुकानातली. तुमी बसण्यावर लिवताय नव्हं? आमी येतो की बोलायला. कवा येऊ?"

मी खुर्चीतून उठूनच बोलले. शेवटी माहितीपत्रकाचा उपयोग झाला! मागच्या आठवड्यात मी त्यातली भाषा सोपी केली होती, 'सहभागी' काढून 'तुम्ही' घातलं होतं. एवढ्याशा बदलानं केवढा फरक पडतो. पद्धतीच्या प्रकरणात हे लिहायला पाहिजे.

९ फेब्रुवारी

रविवार, दुकानं बंद होती, म्हणून त्या सगळ्या घरीच आल्या. पिंकी म्हणाली होती दोघी-तिघी येऊ, आल्या सातजणी. बाहेरच्या खोलीत सतरंजी टाकली. त्यांच्यात एक वयानं मोठी, अक्कलकोटकडची सिद्धम्मा. कन्नड वळणाचं मराठी. मी ओळख करून घ्यायच्या आधीच आत्या आतून म्हणाल्या, "सिद्धम्मा, तू भिंतीला टेकून बस, तुजी कंबर दुकते." आत्यांना नावं भारी लक्षात राहतात. आत्ताच पिंकीच्या तोंडून ऐकलं असेल.

काय काय बोलल्या! मी लिहून घेताना हात दुखला. पायांच्या शिरा, पाळीचे दिवस, पाणी कमी प्यायचं, कारण सारखं बाथरूमला जायला नको. पण सगळ्यात मोठं सापडलं ते वेगळंच. एका दुकानात मालकानं कुणीतरी सांगितलं म्हणून चार स्टुलं आणली. मला वाटलं, वा. पिंकी म्हणाली, "हायत की स्टुलं. त्यावर खोकी ठिवल्यात."

"खोकी काढून बसत का नाही?"

"बसलं ना मॅडम, तर कोण काय म्हणत न्हाय. नुसतं बगतात. मालक बगतो, गिऱ्हाईक बगतं, शेजारची पोरगी बी बगते. त्या बगण्यानंच उठतो आपण."

सिद्धम्मा म्हणाली, "मी वीस साल उबं हाय. आता घरात बी बसाया येत न्हाय मला. पावनं आले की मी उबी."

मी पेन खाली ठेवलं. हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नसतं. स्टूल देणं हा प्रश्नच नाही. बसायची मुभा कुणाला आहे, हा आहे.

१२ फेब्रुवारी

सगळं संपलं.

अर्जाला आपल्या कॉलेजचं पत्र लागतं. आमच्या प्राचार्यांकडं गेले. त्यांनी चहा मागवला तेव्हाच मनात पाल चुकचुकली. म्हणाले, एका कॉलेजातून एकच अर्ज जाऊ शकतो, आणि ते सिद्धांतचं नाव पाठवतायत. सिद्धांत माझ्याच विभागातला, एकतीस वर्षांचा, कायम नोकरीतला. हुशार आहे, वाईट मुलगा नाही. पण माझा विषय त्यांनी वाचलासुद्धा नाही.

"मॅडम, पुरस्कार नवोदितांसाठी आहे. आता तुम्ही मार्गदर्शन करायचं. शिवाय तुमची ऑर्डर जूनपर्यंतच, नाही का?"

मी "हो सर" म्हणाले. चहा पूर्ण प्यायले. याचाच राग येतोय. निदान चहा तरी सोडायचा होता.

१३ फेब्रुवारी

सृष्टी चिडलीय. इंद्रजीत गप्प आहेत, म्हणजे जास्त चिडलेत. मी सांगून टाकलं, विषय बंद. शहाण्या माणसानं आपलं वय ओळखावं.

आत्या म्हणाल्या, "येकाच मास्तरला इचारून गप बसलीस व्हय?"

मग त्यांनी त्यांचा नेहमीचा किस्सा काढला. हा मी लग्न होऊन आल्यापासून शंभरदा ऐकलाय. त्यांच्या लग्नाचं लुगडं घ्यायला त्यांचा बाप त्यांना बाजाराच्या गावी घेऊन गेला. दुकानदारानं जात ओळखली, पायरीच्या खालीच उभं केलं. "वरनं लुगडं टाकलं माज्या आंगावर. म्हनला, बग तितनंच. उन्हात उबं ऱ्हाऊन घेतलं मी माजं लग्नाचं लुगडं. डोळं दिपलेलं, रंग बी नीट दिसला न्हाय. घरी आल्यावर कळलं, जांबळं हाय. म्हनून आता दुकानात गेले की आदी बूड टेकते, मग कापड बगते. कोन उटवतो बगू की."

मला या वेळी किस्से ऐकायची ताकद नव्हती. पण "येकाच मास्तरला" हे मात्र डोक्यात राहिलं. कॉलेजं काय सोलापुरातच आहेत?

१८ फेब्रुवारी

बार्शीला जाऊन आले. तिथल्या एका लहान कॉलेजचे प्राचार्य हरिदास सर. एका चर्चासत्रात एकदाच भेटलेले, तेवढ्याच ओळखीवर गेले. एसटीत सगळा रस्ता भाषण पाठ करत होते. त्यांनी भाषण करूच दिलं नाही. प्रस्ताव हातात घेतला आणि वाचायला लागले. पहिल्यापासून शेवटपर्यंत, पान न् पान. आजवर माझं लिखाण कुणी माझ्यासमोर असं वाचलं नव्हतं, गाइडनीसुद्धा नाही. मी आपली भिंतीवरची वेळापत्रकं बघत राहिले.

वाचून झाल्यावर म्हणाले, "बाई, इंग्रजी जरा दुरुस्त करून घ्या. बाकी हे आमच्या कॉलेजच्या नावानं जाणार असेल तर आमचं भाग्य समजतो."

"सर, मी तुमच्याकडं नोकरीला नाही."

"नियमात नोकरी म्हटलंय का? संलग्न म्हटलंय. मी आत्ता करून घेतो संलग्न." क्लार्कला हाक मारली आणि पत्र तिथंच टाईप करून घेतलं.

परत येताना एसटीत रडले. शेजारची बाई म्हणाली, "माहेरनं निगाला का?" म्हटलं, हो.

२७ फेब्रुवारी

अर्ज गेला. इंग्रजी सृष्टीनं तपासलं, आणि लई भाव खाल्ला.

१५ एप्रिल

कालच्या जयंतीच्या मिरवणुकीनं पाय गळून गेलेत. मेल बघायचं सोडून दिलंय. आत्यांकडं आता रुमालांची थप्पी झालीय. इंद्रजीतना महिनाभर रोज नवा वापरता येईल.

२२ एप्रिल

निवड! म्हणजे पहिली चाळणी पार. मुलाखत मे महिन्यात, पुण्यात. पण मुलाखतीआधी किमान एका दुकानाचं लेखी परवानगीपत्र पाहिजे, की तिथं अभ्यास करू देतील. पुन्हा नवी पेठ. पुन्हा गादी, लोड, विभूती.

२४ एप्रिल

मनाची तयारी करून गुरुसिद्धप्पांच्या दुकानात गेले. हाकलतील असं धरूनच चालले होते. त्यांनी खुर्ची दिली, ताक मागवलं.

"परवानगी देतो की. घ्या सही."

मी गारच पडले. विचारलं, "मालक, तेव्हा नाही म्हणालात, आता कसं काय?"

ते हसले. "काय सांगू अक्का. आमच्याकडं एक गिऱ्हाईक येतंय दोन-तीन महिने झालं. रुमाल घेतंय एक, आन तासभर बसतंय. नुसतं आपण बसत न्हाय, पोरींना बी बसवतंय. म्हणतंय, तुमी उब्या ऱ्हायल्या की मला अवघडल्यावानी होतंय. आता गिऱ्हाइकाला न्हाय कसं म्हणायचं? बसू दे म्हटलं. पयले मला बी कसंतरी वाटलं. मग बगितलं तर धंद्याला काय बी झालं न्हाय. पोरी सांजच्याला हसत असतात, उलट." मग ताकाचा पेला माझ्याकडं सारत म्हणाले, "तुमच्या घरात मोठी माणसं हायत. त्यांचं ऐकत जावा."

मोठ्या मनाचे गृहस्थ. मी उगाच त्यांच्याबद्दल ग्रह करून घेतला होता. आणि ते गिऱ्हाईक! एका माणसाच्या आग्रहानं दुकानाची रीत बदलते, हे संशोधनाच्या दृष्टीनं फार मोलाचं. त्या व्यक्तीची मुलाखत घ्यायलाच हवी. आनंदाच्या भरात नाव विचारायचं राहिलं.

घरी आल्यावर सांगितलं, तर इंद्रजीतना जोराचा ठसका लागला. आत्या म्हणाल्या, "सावकाश जेव रं."

१९ मे

पुणे. मुलाखत झाली. माझी मीच माती केली.

सुरुवात चांगली होती. पाच परीक्षक, अध्यक्ष एक पांढऱ्या केसांच्या बाई. एका सरांनी चष्म्यावरून बघत विचारलं, या वयात नवोदित म्हणवून घेताना कसं वाटतं. म्हटलं, "सर, पीएचडीला दोनच वर्षं झालीत, मी नवीनच आहे. वय जुनं आहे." सगळे हसले, तेही हसले. मग दुसऱ्यांनी विचारलं, संशोधनाची गरजच काय, दुकानांना स्टुलं वाटून टाका. इथं मी पकडले त्यांना. खोक्यांखालची स्टुलं सांगितली, पिंकीचं "बगण्यानं उठतो" सांगितलं. इंग्रजीत ते बसेना, म्हणून विचारलं, मराठीत सांगू का? अध्यक्ष बाई म्हणाल्या, जरूर.

मग त्यांनीच विचारलं, "तुमच्या मनात हा प्रश्न आला कुठून?"

चक्कर आलेली मुलगी सांगायची ठरवली होती. संदर्भासकट पाठ होतं. आणि तोंडातून काय निघावं? आत्यांचं लुगडं! पायरी, ऊन, वरून टाकलेलं कापड, घरी आल्यावर जांभळं निघालं ते, सगळं. विषय दुकानात काम करणाऱ्या बायांचा, आणि मी सांगतेय एका गिऱ्हाइकाची गोष्ट, तीही पंचावन्न वर्षांपूर्वीची. काही संबंध? चष्म्यावाले सर खाली बघत होते. बाईंनी फक्त "आभार" म्हटलं.

बाहेर आल्यावर स्वतःला इतक्या शिव्या घातल्या की वॉचमननं पाणी आणून दिलं.

२० मे

आत्यांना सांगितलं, तुमच्या किश्शानं घात केला बघा. त्यांनी हातातलं भाजी निवडायचं ताट खाली ठेवलं. मग विचारलं, "जांबळं म्हनून सांगितलंस का?" हो म्हटलं. उठून आत गेल्या. वाईट वाटलं असणार. मी बोलायला नको होतं.

१ जुलै

मिळाला!!!

यंदाही तास मिळालेत; दुपारी त्यातलाच एक चालू असताना मेल आला. वाचून मला फळ्यावरचंही दिसेना. पोरांना म्हटलं, पाच मिनिटं थांबा. कुणीतरी विचारलं, "मॅडम, बरं वाटत नाही का? बसा ना." म्हटलं, इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं रे.

सगळ्या देशातून बारा जण, आणि त्यांत सोलापूरची मी एकटी. डॉ. तेजश्री इंद्रजीत बनसोडे, बार्शीच्या कॉलेजच्या नावानं. हरिदास सरांना फोन केला, तर फोनमधूनच ओरडायला लागले, "पेढे! अहो, कुणीतरी पेढे आणा!" इंद्रजीत शिफ्ट अर्धी टाकून आले. एकोणीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा. सृष्टीनं सगळ्या गल्लीला सांगितलं. पिंकीनं फोनवर शिट्टी मारली.

आत्या कुठं दिसेनात. बघितलं तर नवं पातळ नेसून, पावडर लावून तयार. "चल," म्हणाल्या, "नव्या पेठंत पेढे वाटाय जायचंय." आणि मला म्हणतात, तुला काय कळतंय.

३ जुलै

परीक्षकांचे अभिप्राय आले. पद्धत काटेकोर, इंग्रजी साधं पण स्पष्ट. शेवटी अध्यक्ष बाईंनी लिहिलंय: आपला प्रश्न कुठून आला हे या संशोधकाला नेमकं ठाऊक आहे. आश्चर्यच आहे. चक्कर आलेली मुलगी अर्जात एका ओळीत होती, तेवढ्यावरून त्यांनी ओळखलं म्हणायचं. बारकाईनं वाचतात ही माणसं.

७ जुलै

प्राचार्यांनी बोलावलं. चहा मागवला. कॉलेजच्या गेटवर माझ्या फोटोचा फ्लेक्स लावायचाय, सत्कार करायचाय. म्हटलं, "सर, सत्कार बार्शीला आहे रविवारी. तुम्ही अवश्य या." चहा तसाच ठेवून उठले. जिना उतरताना शेवटच्या दोन पायऱ्या उडी मारून उतरले. गुडघ्याचं बघू नंतर.

खाली सिद्धांत भेटला. त्याचा अर्ज पहिल्या चाळणीतच गळला होता. जरा अवघडून म्हणाला, "मॅडम, पुढच्या वर्षी माझा प्रस्ताव वाचाल का, पाठवायच्या आधी?" खरं तर थोडा तोरा दाखवायचा विचार होता. जमला नाही. म्हटलं, आण की. पान न् पान वाचीन.

१० ऑगस्ट

आजपासून काम अधिकृत सुरू.

दुकानं बंद असल्यानं वस्तीतल्या बुद्धविहाराचा हॉल घेतला होता. पंचवीस खुर्च्या मांडल्या, एवढ्या कुठं भरणार असं वाटत होतं. चहा आत्या बघणार होत्या, पण त्या दारातच येईल तिच्याशी बोलत बसल्या. शेवटी मीच ओतला.

मुली येत गेल्या. साड्यांच्या दुकानांतल्या, सराफांकडच्या, चपलांच्या, भांड्यांच्या. काही तर मला अजिबात माहीत नसलेल्या. आणि येऊन सगळ्या भिंतीला लागून उभ्या राहिल्या. हॉलभर रिकाम्या खुर्च्या, आणि चारी भिंतींना बाया. "बसा" हा शब्द अगदी ओठांवर आला होता. पण म्हटला नाही. मी म्हटलं म्हणून बसल्या, तर त्यात काय राहिलं? पुरस्कार मिळवून पहिल्याच सभेत फजिती.

तेवढ्यात गुरुसिद्धप्पांच्या दुकानातली सिद्धम्मा पुढं आली. सगळ्यांकडं एकदा बघितलं. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची ओढली, ती फरशीवर करकरली. बसली. पदर नीट केला, पाय लांब केले आणि भिंतीकडं बघून मोठ्यानं म्हणाली, "बर्री, या की! काय बगताय?"

हॉलमध्ये एकच हसू फुटलं. मग खुर्च्यांचा जो आवाज झाला, तो मला जन्मभर पुरेल. ओढाओढ, "सरक गं", "हितं मी", "पिंके, तू मांडीवर बस." मागून अजून येतच होत्या. खुर्च्या संपल्या. शेजारच्या घरांतून मागवल्या, त्याही संपल्या. शेवटी एक पोरगी दारात घुटमळत होती, तिला मी माझी खुर्ची दिली.

आणि मग सगळ्या बसलेल्या बायांसमोर मी उभी राहून पहिला प्रश्न विचारला.